समुपदेशकाने नेमके कोणाचे ऐकायचे?



संयोजकांनी विषय दिला आहे 'शालेय समुपदेशकाची भूमिका'. यावर दहा मिनिटांत बोलून मोकळे होता येते. मुलांवरचा ताण वाढला, एकत्र कुटुंब राहिले नाही, मोबाईल हातात आला, म्हणून प्रत्येक शाळेला समुपदेशक हवा. हे ऐकून सगळे माना डोलावतात. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, आणि या विषयाची एक खोड आहे. सगळ्यांच्या माना एकाच दिशेने डोलू लागल्या की तिथे थांबायचे आणि विचारायचे, की बाबा, म्हणजे नक्की काय? समुपदेशक हवा तो कोणाला हवा? मुलाला, की मुलाने वर्गात नीट बसावे असे ज्यांना वाटते त्यांना? तो आल्यावर ऐकणार कोणाचे? आणि हे प्रश्न पुण्या-मुंबईच्या शाळेपुरते नाही विचारायचे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या, जिवतीच्या डोंगरावरच्या, एटापल्ली-भामरागडच्या जंगलातल्या आश्रमशाळेत हा समुपदेशक जाणार आहे असे धरून विचारायचे.

आधी शब्द तपासू. समुपदेशन. या शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे. मागे 'सम्' लावला म्हणून तो जात नाही, उलट अधिक चांगल्या रीतीने केलेला उपदेश असाच अर्थ कानाला लागतो. इंग्रजीतल्या 'काउन्सेल' या शब्दाच्या मुळाशी एकत्र बसून केलेला विचारविनिमय आहे. आपण मराठीत आणताना त्याला उपदेशाच्या पाटावर बसवले. कोणी म्हणेल, शब्दात काय आहे? खूप आहे. शाळेत समुपदेशक येणार म्हटले की मुख्याध्यापक पोरांना सभागृहात ओळीने बसवतात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतात आणि पाहुणे तासभर बोलतात. अभ्यास कसा करावा, व्यसनापासून दूर कसे राहावे, आईवडिलांचे ऐकावे. शेवटी आभार. या सगळ्यात मूल एक शब्द बोललेले नसते, आणि नोंदवहीत लिहिले जाते, 'समुपदेशन सत्र संपन्न'.

आपल्या भागातल्या आदिवासी मुलाला उपदेशाची वाण नाही हो. शिक्षक उपदेश करतात, वनखाते करते, आरोग्य खाते करते, जनजागरण मेळाव्यात पोलीस करतात, आमच्यासारखे व्याख्याते करतात. जंगल वाचवा, दारू सोडा, शिका, मुख्य प्रवाहात या. त्याला सांगणारे पुष्कळ आहेत आणि विचारून ऐकणारे फार थोडे. म्हणून समुपदेशक हा सांगणाऱ्यांच्या रांगेतला आणखी एक असणार असेल, तर ते पद भरण्यात आम्हांला स्वारस्य नाही.

या कल्पनेचा थोडा इतिहास बघू, म्हणजे घोटाळा कुठून सुरू होतो ते कळेल. अमेरिकेत बॉस्टन शहरात १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. शालेय समुपदेशनाचा उगम साधारण तिथे धरतात. कारखाने वाढत होते, बाहेर देशांतून आलेली पोरे शहरात भटकत होती. कोणता मुलगा कोणत्या कामाला योग्य, ते जुळवून द्यायचे. पुढे १९५१च्या सुमारास कार्ल रॉजर्स यांनी वेगळी बाजू मांडली. समोरचा माणूस म्हणजे नीट बसवायचा खिळा नव्हे. त्याला बिनशर्त स्वीकारा, त्याचे मनापासून ऐका, वाट त्याची त्यालाच सापडते. म्हणजे या धंद्यात पहिल्यापासून दोन देव आहेत. एक म्हणतो, मुलाला व्यवस्थेत बसव. दुसरा म्हणतो, मुलाचे ऐक. पुस्तकांत दुसऱ्याचे नाव घेतात, कचेरीत मात्र पूजा पहिल्याची होते.

आपल्या राज्यातले उदाहरण घ्या. २०१६पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. हेतू चांगलाच होता, खेड्यातल्या मुलाला कोण सांगतो त्याचा कल कुठे आहे म्हणून? पण कल समजला तरी पुढची वाट गावापासून किती लांब आहे, हे कलचाचणीला समजत नाही. 'तुझा कल ललित कलेकडे आहे' असे कळलेल्या कोरचीच्या मुलीने पुढे काय करायचे? चाचणी झाली, अहवाल आला, मूल जिथे होते तिथेच राहिले. याला आम्ही समुपदेशन म्हणणार नाही. ही मोजणी झाली.

आता अलीकडची मोठी घटना. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या देशभर बंधनकारक आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांना लाजवू नये. निवासी संस्थांतील छताचे पंखे धोकादायक ठरणार नाहीत असे बसवावेत.

या निकालाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा. मुलांच्या मनाचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणणे ही लहान गोष्ट नाही. पण टीकाकाराचे काम स्वागतापाशी संपत नाही. हा खटला आला कुठून? विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूतून. म्हणून सूचनांच्या मागे जे दुःख उभे आहे ते प्रामुख्याने स्पर्धेचे, गुणांचे, कोचिंग क्लासचे. ते खरेच आहे. पण आपल्या आश्रमशाळेत पहिलीला आणून सोडलेल्या सहा वर्षांच्या माडिया मुलाचे दुःख त्याच जातीचे आहे का?

त्याच्या बाबतीत काय घडते ते बघा. जून-जुलैत बाप त्याला आणून सोडतो. दुपारी बाप निघून जातो. संध्याकाळी त्याला कळते की घरी जायचे नाही. रात्री लांबलचक खोलीत अनोळखी पोरांत झोपायचे. सकाळी घंटा. वर्गात जी भाषा चालते ती त्याने बाजारात दोन-चार वेळा ऐकलेली. त्याला लघवीला जायचे आहे हे सांगायला शब्द नाहीत, मग तो बसल्या जागी करतो आणि सगळे हसतात. दिवाळीला घरी गेला की परत येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडायला लागला की मोठी मुले जातात, कारण घरात वेचणारे हात कमी पडतात. हजेरीपटावर याला एकच नाव आहे, 'गैरहजर'. शिक्षकांच्या बैठकीत दुसरे नाव मिळते, 'यांना शिक्षणाची आवडच नाही'. भीती, घरची ओढ, भाषेचा मुकेपणा, पोटाची निकड, इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना एका शब्दात कोंबले, की मग समुपदेशकाला काम काय उरते? 'शाळेचे महत्त्व पटवून देणे'.

मिरांडा फ्रिकर या इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली एका पुस्तकात ज्ञानाच्या बाबतीत होणाऱ्या अन्यायाचे दोन प्रकार सांगितले. पहिला असा, की माणूस बोलतो, पण तो अमुक जातीचा, अमुक रंगाचा, बाई किंवा मूल आहे म्हणून त्याच्या शब्दाला किंमत कमी धरली जाते. दुसरा अधिक खोल आहे. माणसाला जे भोगावे लागते ते सांगायला लागणारे शब्दच समाजाच्या सामाईक साठ्यात नसतात, कारण तो साठा दुसऱ्यांनी, दुसऱ्यांच्या अनुभवावरून भरलेला असतो. आमच्या मते आश्रमशाळेतल्या मुलावर हे दोन्ही अन्याय एकाच वेळी होतात. त्याचे शब्द आपल्याला कळत नाहीत, आणि कळले तरी ते आदिवासी पोराचे म्हणून हलके ठरतात.

हे नुसते पुस्तकी नाही. शाळांमध्ये तक्रारपेटी ठेवा असे परिपत्रक आहे. बहुतेक ठिकाणी ती भिंतीवर टांगलेलीही दिसते, कुलूप लावून. पण ती पेटी एकच भाषा जाणते, लिहिता येणारी मराठी. माडियात रडणाऱ्या मुलीची तक्रार त्या फटीतून आत जात नाही. टेलिमानसची १४४१६ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, चांगली सेवा आहे. पण फोन कोणाच्या हातात? अधीक्षकांच्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, तेव्हा रेंज कुठून आणायची? आणि रेंज मिळालीच, तर पलीकडचा माणूस माडिया किंवा कोलामी समजून घेईल याची खात्री कोण देतो?

मुलांनी न सांगितलेल्या गोष्टींचे काय होते, हे या जिल्ह्यांनी पाहिले आहे. एप्रिल २०१९मध्ये राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या लहान आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. ते मुली आजारी पडून दवाखान्यात गेल्यावर बाहेर आले. म्हणजे शब्दांच्या आधी शरीर बोलले. त्या मुलींभोवती मोठी माणसे नव्हती असे नाही. ज्याच्याजवळ जाऊन सांगता येईल असा माणूस नव्हता. त्याआधी २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने राज्यातल्या आश्रमशाळांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला. पंधरा वर्षांत हजाराहून अधिक मुले दगावली होती, आणि अनेकांच्या मृत्यूचे नेमके कारणही कागदावर नव्हते. ताप, साप, हगवण यांना समुपदेशक काय करणार, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, त्याचा संबंध आहे. 'माझे पोट दुखते' हे मूल कोणाला, कोणत्या भाषेत, किती वाजता सांगते आणि ऐकणारा त्यावर काय करतो, यावर पुष्कळदा मूल जगते की मरते ते ठरते. आश्रमशाळेत मनाचे आरोग्य आणि शरीराचे आरोग्य ही दोन खाती नाहीत. दोन्हींच्या दारात एकच प्रश्न उभा आहे, पोराचे कोण ऐकतो?

चंद्रपूरच्या बाजूचे आणखी एक दुःख सांगतो, ज्याला कोणत्याही सूचनेत रकाना नाही. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाही, नागभीड या पट्ट्यात अशी घरे आता एक-दोन नाहीत. सरकार वारसांना २५ लाख रुपये देते, वनखाते पंचनामा करते, पिंजरा लावते. आणि त्या घरातले मूल तेरा दिवसांनी शाळेत येते. वर्गात पर्यावरणाचा धडा चालू असतो, वाघ वाचवा. धडा चूक नाही. पण त्या पोराने त्या तासाला कुठे बघायचे? तिथे समुपदेशकाचे पहिले काम म्हणजे त्या मुलाला धीर देण्याच्याही आधी शिक्षकांना सांगणे, की हा धडा आठ दिवस पुढे ढकला. आणि वर्गातल्या इतरांना सांगणे, की त्याला 'कसे खाल्ले रे' असे विचारू नका.

हा मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो. समुपदेशकाकडे मूल पाठवले जाते ते मुलात काहीतरी बिघडले आहे असे धरून. पण बिघाड पुष्कळदा मुलात नसून भोवतालच्या मांडणीत असतो. त्याला भाषा समजत नाही, तर बदलायचे कोणी? जेवणात अळ्या निघतात म्हणून पोरे चिडतात, तर समुपदेशन कोणाचे करायचे, पोरांचे की ठेकेदाराचे? समुपदेशकाला फक्त मुलाला बदलण्याचा अधिकार असेल आणि शाळेला बदलायला सांगण्याचा नसेल, तर तो नकळत शाळेचा वकील होतो. गोड बोलणारा वकील, एवढाच फरक.

म्हणून तो कोणाचा माणूस आहे हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचा पगार कोण देतो, त्याचा गोपनीय अहवाल कोण लिहितो? मुख्याध्यापक किंवा प्रकल्प कार्यालय लिहीत असेल, तर मुख्याध्यापकाविरुद्धची गोष्ट तो वर कशी नेणार? दुसरी बाजूही आहे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली की २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवावीच लागते; न कळवणे हा गुन्हा. ते योग्यच आहे. मग मुलाला 'तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील' असे खोटे वचन देऊ नये. 'कोणी तुला इजा करत असेल तर मला ते थांबवायला दुसऱ्यांना सांगावे लागेल' असे आधीच, त्याच्या भाषेत सांगावे. आणि गडचिरोलीत याच्याही पलीकडचे आहे. काही घरांत एक जण पोलीस दलात असतो आणि दुसरा कधीकाळी जंगलात गेलेला असतो. अशा घरच्या मुलाने मन मोकळे केले, आणि ते समुपदेशकाने इमानदारीने नोंदवहीत लिहिले, तर ती वही उद्या कोणाच्या टेबलावर उघडेल? शहरातल्या प्रशिक्षणात सविस्तर नोंदी ठेवायला शिकवतात. इथे काय लिहू नये, हेही शिकवावे लागेल.

आता सहभागाचा प्रश्न. विषयपत्रिकेत 'विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य आणि सहभाग' असे दोन शब्द जोडून दिले आहेत, आणि संयोजकांनी ते जाणून दिले असोत की नसोत, जोडी अचूक आहे. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २९मध्ये दोन गोष्टी एकापाठोपाठ एक आल्या आहेत. शिकवण्याचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे. आणि मुलाला भय, आघात आणि चिंता यांतून मुक्त करावे व मोकळेपणाने मत मांडायला मदत करावी. बघा, भीतीतून मुक्ती आणि मत मांडणे एकाच वाक्यात आहे. कायदा करणाऱ्यांना कळले होते की बोलू न देता मुलाला निर्भय करता येत नाही. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या मोठ्या शाळांसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाचे अंशकालीन शिक्षक आहेत, समुपदेशक नाही. हेतू कलमात राहिला, माणूस परिशिष्टात आला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समुपदेशकांचा आणि समाजकार्यकर्त्यांचा उल्लेख आहे, तोही शाळासंकुलाशी जोडलेला. म्हणजे अनेक शाळांत मिळून एक. धानोऱ्याच्या नकाशावर तो एक माणूस ठेवून बघा.

शाळांत सहभाग म्हणून काय चालते? शालेय मंत्रिमंडळ. एक आरोग्यमंत्री, एक स्वच्छतामंत्री, एक भोजनमंत्री. भोजनमंत्री ताटे मोजतो, डाळ पातळ का हे विचारू शकत नाही. स्वच्छतामंत्री झाडू मारून घेतो, संडासाला पाणी का नाही हे विचारू शकत नाही. खात्याचे नाव आहे, प्रश्न विचारण्याची मुभा नाही. मोठ्यांच्या राजकारणाची नक्कल म्हणून ठीक, पण याला सहभाग म्हणू नये.

खरा सहभाग बघायला फार लांब जायला नको. धानोरा तालुक्यातच मेंढा लेखा आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि आपल्यातून गेलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावाशी ते गाव जोडलेले आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. पण आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने तिथली दोनच सूत्रे घ्यायची. एक, निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर बोलणे पुढे चालू ठेवायचे. दुसरे, अभ्यासगट वेगळा आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा तज्ज्ञ येतो, सांगतो, चर्चा होते. निर्णयाला मात्र तो बसत नाही. तज्ज्ञाची जागा याहून नेमकी कोणी सांगितली असेल असे आम्हांला वाटत नाही. समुपदेशकानेही मुलाच्या अभ्यासगटात बसावे, त्याच्या ग्रामसभेत नाही. गीतेला पहिले समुपदेशन म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मानायची तर शेवटही मानावा: एवढे सगळे सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, की याचा पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसे कर.

आणि त्याच तालुक्यातले मोहगाव. २०१९ साली तिथल्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली. गावाने ठरवले, की आमची मुले आमच्या भाषेत शिकतील, आमचे जंगल, आमचे सण, आमचे ज्ञान शाळेत येईल, आणि मराठी-इंग्रजीही शिकतील. २०२२मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून नोटीस दिली, तीही शिक्षण हक्क कायद्याचा आधार घेऊन. ज्या कायद्यात मातृभाषेचे कलम आहे त्याच कायद्याचा. मान्यतेचे नियम, इमारतीचे निकष, शिक्षकांची पात्रता, हे प्रश्न खोटे नाहीत. उद्या कोणीही कुठेही शाळा काढील, हे खात्याचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण एक गाव आपल्या मुलांना मुकेपणातून सोडवायला उभे राहते, तेव्हा खात्याचा पहिला कागद नोटिशीचा असावा की भेटीचा? तिथे समुपदेशनाची गरज कोणाला होती, याचा विचार आपण करावा.

मग करायचे काय? टीका करून घरी जाणे सोपे आहे. आश्रमशाळेत आज मूल कोणाकडे जाते ते आधी बघा. ते पुष्कळदा स्वयंपाकिणीकडे जाते, कामाठीकडे जाते, रात्रीच्या चौकीदाराकडे जाते. का? कारण तो माणूस जवळपासच्या गावचा असतो, भाषा त्याची असते, त्याच्या हातात छडी नसते आणि तो शेरा लिहीत नाही. कार्ल रॉजर्सने सांगितलेल्या अटी त्यांतले कित्येक जण त्याचे नावही न ऐकता पाळतात. आणि व्यवस्थेत मात्र त्यांचा क्रम सगळ्यांत खाली. मुलाविषयी ज्याला सर्वांत जास्त माहीत आहे त्याला शिक्षकांच्या बैठकीत बोलावत नाहीत, फार तर चहा द्यायला बोलावतात.

या भागातच याला एक उत्तर सापडलेले आहे, आरोग्याच्या क्षेत्रात. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी लोकांना विचारले, दवाखान्यात का येत नाही? कळले, की मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आणि आपल्या माणसांना जवळ राहू देत नाहीत. म्हणून शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. पुढे गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी कशी घ्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचे, हे त्यांना शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. आज देशभरच्या आशाताई घरोघरी जाऊन बाळाला बघतात, त्या पद्धतीचे मूळ इथे आहे. तज्ज्ञ हटवला नाही. जवळच्या माणसाला ज्ञान दिले, अधिकार दिला आणि तज्ज्ञ त्याच्या पाठीशी उभा केला.

आश्रमशाळेत असेच का होऊ नये? प्रत्येक शाळेत गोंडी, माडिया, कोलामी, जिथे जी भाषा असेल ती बोलणारी एक बाई आणि एक पुरुष, जवळच्या गावातले, ऐकण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण घेतलेले. सिरोंच्याकडे तेलुगू जाणणारे, मुलचेऱ्याकडे बंगाली जाणणारे. त्यांच्या पाठीशी तालुक्याला एक पूर्ण शिकलेला समुपदेशक, ज्याला शाळेचे मुख्याध्यापक वरिष्ठ नाहीत. आणि त्याच्या पाठीशी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती मन देणे धोक्याचे नाही का? एखाद्या मुलाला खरोखरचा नैराश्याचा आजार असेल, मिरगी असेल, आणि हा नुसता पाठीवरून हात फिरवीत बसला तर? किंवा गावातलाच म्हणून गावभर सांगत सुटला तर? तसे होऊ शकते. म्हणून प्रशिक्षणात पहिला धडा हाच हवा, की माझे काम कुठे संपते आणि डॉक्टरचे कुठे सुरू होते. आणि दुसरा, की ऐकलेले पोटात ठेवायचे. नवजात बाळाला इंजेक्शन देण्याबद्दलही असाच आक्षेप होता. त्याचे उत्तर नेमक्या प्रशिक्षणाने आणि सततच्या देखरेखीने दिले गेले. उलट आम्ही विचारतो, आज मुलाचे मन कोणाच्या हाती आहे? पात्रता असलेल्या पण भाषा न कळणाऱ्या, महिन्यातून एकदा जीपने येऊन सूर्यास्ताच्या आत परतणाऱ्या माणसाच्या हाती. तो धोका आपल्याला दिसत नाही, कारण त्याच्याजवळ प्रमाणपत्र आहे.

शिक्षकांवर आमचा राग आहे असे कोणी समजू नये. निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, एवढे करून जो शिक्षक रात्री तापलेल्या पोराला मोटारसायकलवर मधे बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतो, त्याला आम्ही उभे राहून नमस्कार करू. पण त्याच्याच चांगुलपणावर सगळे सोडणे ही व्यवस्था नव्हे. त्याची बदली झाली की काय?

शेवटी एवढेच. समुपदेशकाचे काम चांगले झाले की नाही, हे किती सत्रे घेतली यावरून मोजू नका. या सभेत शाळा व्यवस्थापन समितीचे पालक बसले आहेत, कायद्याने समितीत तीन चतुर्थांश जागा तुमच्या आहेत. पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारा. आपल्या शाळेत मुलांच्या घरची भाषा बोलणारा, मुले ज्याच्याकडे आपण होऊन जातात असा माणूस कोण? त्या माणसाला बैठकीत बोलता येते का? दिवाळीनंतर परत न आलेल्या मुलांच्या घरी कोण गेले, आणि तिथे त्याने सांगितले किती नि ऐकले किती? आणि चौथा, मुलांनी सांगितल्यामुळे या वर्षात शाळेतली कोणती एक गोष्ट बदलली? जेवणाची वेळ असो, संडासाची कडी असो, रात्रीचा दिवा असो, कोणतीही.

चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर समजा की आपल्या शाळेतले समुपदेशकाचे पद रिकामे आहे. मग त्या खुर्चीवर कोणी बसलेले असो वा नसो.

 आता आम्ही बसतो. मागे उभ्या असलेल्या मुलांना पुढे येऊ द्या, पहिले प्रश्न त्यांचे घेऊ. गोंडीत विचारले तरी चालेल. आम्हांला समजावून सांगणारे इथे पुष्कळ आहेत.